आधी कुणीतरी असावं लागतं : ओक्लाहोमाच्या होमरनची वंशावळ

11 मार्च 2022. होनोलुलूतलं हवाई विद्यापीठाचं सॉफ्टबॉलचं, म्हणजे बेसबॉलच्या धाकट्या भावंडाचं, मैदान. पाहुणा संघ ओक्लाहोमा विद्यापीठाचा आणि सगळ्यांच्या नजरा 78 नंबरच्या जर्सीवर. जोसलिन आलोने 20 फेब्रुवारीला कारकिर्दीतला 95वा होमरन (चेंडू थेट कुंपणाबाहेर टोलवणारा फटका) मारून कॉलेज सॉफ्टबॉलच्या विक्रमाची बरोबरी केली होती आणि त्यानंतर जवळपास तीन आठवडे ती त्याच आकड्यापाशी अडकली होती. फॉर्म गेला होता असं नाही. पिचर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मुली, तिला मारण्याजोगे चेंडू द्यायलाच तयार नव्हते. विक्रम आपल्या चेंडूवर मोडला गेला, असं कुणाला लावून घ्यायचं होतं? आलो मूळची याच ओआहू बेटावरच्या हाउऊलाची. शेवटी 96वा तिथेच आला, घरच्या माणसांसमोर.

तिने मागे टाकला तो 95चा आकडाही ओक्लाहोमाच्याच मुलीचा होता. लॉरेन चेंबरलेन, 2012 ते 2015.

ओक्लाहोमाच्या सॉफ्टबॉल संघात एखादी पहिल्या वर्षाची मुलगी धडाधड होमरन मारायला लागली, की 'ही नवी आलो का?' हा प्रश्न आठवड्याभरात येतो. 2018 मध्ये हाच प्रश्न आलोबद्दल विचारला जात होता, फक्त नाव चेंबरलेनचं होतं. तुलनेचा कंटाळा आलेले लोक म्हणतात, मुलीला तिचं तिचं खेळू द्या. मला ते पटत नाही. तुलना जरूर करावी, मात्र आकड्याबरोबर त्याचा काळही उचलून आणावा. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

सॉफ्टबॉलचा जन्म 1887चा, शिकागोतला. सुरुवातीला तो बंद हॉलमध्ये खेळायचा खेळ होता. त्या इतिहासात आत्ता शिरत नाही. आपल्या कामाची गोष्ट सुरू होते 1969 मध्ये, नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात. मुलींच्या कॉलेज संघांची पहिली वर्ल्ड सिरीज, म्हणजे देशातला विजेता ठरवणारी स्पर्धा, तिथे झाली. पहिली तीन वर्षं, 1969 ते 1971, विजेतेपद एकाच कॉलेजकडे गेलं. वाहू नावाच्या गावातलं जॉन एफ. केनेडी कॉलेज. आज त्या नावाचं कॉलेज शोधायला गेलात तर मिळणार नाही. 1975 मध्ये ते बंद पडलं. सलग तीनदा देशात पहिल्या आलेल्या त्या मुलींची तुलना आज कुणाशी करणार? त्यांच्या जर्सीत पुढे कुणी आलंच नाही. नवी मुलगी नसेल तर जुनीची आठवण काढायलाही निमित्त उरत नाही, हे मला या एका कॉलेजकडे पाहून नीट कळलं.

1972 मध्ये अमेरिकेत 'टायटल नाइन' कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, एवढंच त्याचं सूत्र. कायद्याच्या मूळ मजकुरात खेळाचं नावही नाही. पण मुलींच्या शिष्यवृत्त्या, प्रशिक्षकांचे पगार, मैदानं यांचा रस्ता त्यातूनच निघाला. तरी मुलींच्या स्पर्धा आणखी दहा वर्षं एआयएडब्ल्यू या वेगळ्या संघटनेकडे होत्या. मुलांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएएने 1982 मध्ये मुलींची सॉफ्टबॉल स्पर्धा सुरू केली आणि पहिल्या वर्षी लॉस एंजेलिसचं विद्यापीठ यूसीएलए जिंकलं. एनसीएएच्या स्पर्धेचा इतिहास त्या वर्षापासून मोजतात. त्याआधीही मुली खेळत होत्याच, पण त्यांचे आकडे आजच्या यादीत शोधावे लागतात.

म्हणून 'सर्वकालीन विक्रम' हा शब्द वाचताना मी थोडी थांबते. पुरुषांच्या बेसबॉलचं दप्तर शंभर वर्षांहून जुनं आहे. मुलींच्या या खेळाचं दप्तर चाळिशीच्या थोडं पुढे गेलेलं. एवढ्या कमी काळात 'आमच्या संघाची जुनी तारका' असं म्हणण्याइतका वारसा उभा राहिला, याचं मला खरंच अप्रूप वाटतं.

आणि त्या चाळीस वर्षांतही खेळ एकसारखा राहिलेला नाही. सुरुवातीचा काळ सगळा पिचरचा. चेंडू 40 फुटांवरून यायचा आणि धावा निघणं मुश्कील असायचं. 1980चं दशक संपता संपता कॉलेजमध्ये हे अंतर 43 फूट केलं गेलं. ऐकायला तीन फूट म्हणजे काहीच नाही. शाळेत मी तीन वर्षं कॅचर (हिटरच्या मागे बसून चेंडू झेलणारी) होते, म्हणून सांगते, तीन फुटांत चेंडू दिसण्याचं सगळं गणित बदलतं. चांगली पिचर ताशी 70 मैलांनी चेंडू सोडते तेव्हा हिटरच्या हातात सेकंदाचे चार दशांशसुद्धा उरत नाहीत. त्यात हाताच्या खालून सुटलेला राइजबॉल डोळ्यांना वर चढल्यासारखा वाटतो. एवढ्या घाईत तीन फूट म्हणजे एक श्वास जास्तीचा.

मग 1993 मध्ये पांढऱ्याच्या जागी झगझगीत पिवळा चेंडू आला. तो नीट दिसायचा आणि बॅटवरून जास्त उसळायचाही. बॅटी सुधारत गेल्या. 1995 मध्ये ॲरिझोनाच्या लॉरा एस्पिनोझाने एका मोसमात 37 होमरन मारले. पुढची पंचवीस वर्षं तरी तो आकडा कुणाला ओलांडता आला नाही. आता 1985 साली खेळणाऱ्या एखाद्या मुलीचे दहा होमरन आणि 1995 सालचे 37 एकाच तागडीत घालायचे का? घालू नयेत. पण दोन्ही तागड्या समोर ठेवून बघाव्यात जरूर.

चेंबरलेनच्या आधी कारकिर्दीतल्या होमरनचा विक्रम होता यूसीएलएच्या स्टेसी न्यूवमनचा, 90. ती कॅचर होती. कॉलेजच्या वर्षांमध्येच 2000 साली सिडनीला जाऊन अमेरिकेसाठी ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकून आली आणि 2002 मध्ये कॉलेजची कारकीर्द संपवली. कॅचर म्हणजे प्रत्येक डावात उकिडवं बसायचं, बोटांवर चेंडूचे फटके खायचे, गुडघ्यांची वाट लावून घ्यायची आणि मग बॅट उचलून प्लेटवर, म्हणजे फटका मारायच्या जागी, जायचं. पहिल्या बेसवर (धावताना गाठायच्या पहिल्या टप्प्यावर) क्षेत्ररक्षणाला उभं राहणाऱ्या चेंबरलेनच्या 95 शेजारी न्यूवमनचे 90 ठेवताना मी मनातल्या मनात कॅचरला नेहमी थोडं झुकतं माप देते. त्यात पक्षपात आहे. असू दे.

आता चेंबरलेन आणि आलो. या दोघींची जोडी तुलनेसाठी अगदी घडवून दिल्यासारखी आहे. दोघींनी ओक्लाहोमात पाऊल टाकलं त्या पहिल्याच वर्षी 30 होमरन मारले, चेंबरलेनने 2012 मध्ये आणि आलोने 2018 मध्ये. दोघींची प्रशिक्षक एकच, पॅटी गॅसो. 1995 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या एका छोट्या कॉलेजमधून गॅसो ओक्लाहोमात आली तेव्हा संघाला स्वतःचं मैदान नव्हतं. नॉर्मन शहरातल्या रीव्हज पार्क या सार्वजनिक बागेतल्या मैदानावर सामने व्हायचे. पाच वर्षांनी, 2000 मध्ये, तिने पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आणलं.

चेंबरलेनचा क्षण मागितलात तर मी 2013च्या अंतिम फेरीतला पहिला सामना दाखवीन. समोर टेनेसी. सॉफ्टबॉलचा सामना सात डावांचा असतो. हा बारा डाव चालला. बाराव्यात चेंबरलेनने दोन धावांचा होमरन मारला आणि सामना तिथेच संपला, 5-3. दुसऱ्या दिवशी ओक्लाहोमा विजेतं झालं, गॅसोच्या पहिल्या विजेतेपदानंतर तेरा वर्षांनी. संघ पुन्हा वर येऊ शकतो, याची खात्री लोकांना त्या रात्री पटली. पुढची सगळी इमारत त्या जोत्यावर उभी आहे.

पण दोघींच्या मोसमांचे आकडे सुटे करून बघायला हवेत. चेंबरलेन : 30, 30, 13, 22. तिसऱ्या वर्षी दुखापतीने घात केला. तरी चौथ्या वर्षी उठून तिने 22 मारले आणि न्यूवमनला मागे टाकून 95वर थांबली. आलो : 30, 16, 8, 34, 34. बेरीज 122. दुसऱ्या वर्षी आकडा जवळजवळ निम्म्यावर आला. तिसऱ्या वर्षीचे 8 बघून कुणी नाक मुरडेल, पण ते वर्ष 2020चं. ओक्लाहोमाचे 24 सामने झाले होते आणि मार्चमध्ये कोविडने मोसमच बंद पडला.

इथे मुद्दा निघतो पाचव्या वर्षाचा. कॉलेज खेळाडूला एरवी चार मोसम मिळतात. महामारीमुळे एनसीएएने त्या वर्षीच्या खेळाडूंना एक मोसम वाढवून दिला. त्यामुळे आलो पाच मोसम खेळली, चेंबरलेन चार. पहिल्या चार मोसमांनंतर आलोचे 88 होते, म्हणजे चेंबरलेनपेक्षा सात कमी. हे पाहून कुणी म्हणालं की खरी राणी चेंबरलेनच, तर त्याला वेड्यात काढता येणार नाही. पण त्या चारांतला एक मोसम पुरता खेळला गेलाच नव्हता. एका मोसमात साधारण साठ सामने होतात. आलोचा तेव्हाचा वेग होता तीन सामन्यांमागे एक होमरन. मोसम पुरा झाला असता तर तिथेच वीसच्या आसपास झाले असते. मग चार मोसमांत ती 95च्या पुढे गेली असती. हा जर-तरचा हिशोब आहे, तो विक्रमाच्या वहीत जाणार नाही. पण निकाल देण्याआधी तो एकदा मांडून बघायला हवा, एवढं माझं म्हणणं.

मला पाचव्या वर्षापेक्षा वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. बॅटिंगच्या क्रमात आलोच्या मागे-पुढे कोण उभं होतं? हिटर कितीही थोर असली तरी पिचरच्या हातात एक हुकमी पत्ता असतोच : चार चेंडू बाहेर टाक, तिला पहिल्या बेसवर जाऊ दे (याला 'वॉक' म्हणतात), पुढचीला गाठ. ही चाल तेव्हाच चालते जेव्हा पुढची कच्ची असते. 2021च्या ओक्लाहोमा संघात कच्चं कुणी नव्हतं. त्या संघाने एका मोसमात 161 होमरन मारून 2010 मधला 158चा विक्रम मोडला आणि तो विक्रम होता हवाईचा. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या सॅन पेद्रोतून आलेल्या टियारे जेनिंग्जने पहिल्याच मोसमात 27 होमरन मारले. आलोला वॉक देऊन जेनिंग्जला चेंडू टाकायचा, म्हणजे आगीतून फुफाट्यात. आलोच्या सलग दोन वेळच्या 34-34 मध्ये जेनिंग्जचाही वाटा आहे आणि हे सांगितल्याने आलो लहान होत नाही.

2022च्या वर्ल्ड सिरीजमधल्या उपांत्य लढतीचं उदाहरण घ्या. आदल्या सामन्यात यूसीएलएने ओक्लाहोमाला 7-3 हरवलं होतं. आणखी एक पराभव म्हणजे घरी. त्यानंतरच्या सामन्यात आलो चार वेळा प्लेटवर आली, चारही वेळा हिट, दोन होमरन, सात धावा तिच्या बॅटवर. ओक्लाहोमा 15, यूसीएलए 0, पाच डावांत सामना खलास. आठ किंवा जास्त धावांची आघाडी पाच डावांनंतर असली की सामना थांबवतात, तो नियम तिथे लागला. पुढे टेक्ससला हरवून विजेतेपद आलं आणि स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू आलो ठरली. चेंबरलेनने संघाला शिखराची वाट पुन्हा दाखवली, आलो त्याच संघाला शिखरावर घेऊन राहिली. दोघींची कामं वेगळी होती. एका आकड्याने त्यांची उतरंड लावता येत नाही.

आपल्याकडे हा वाद नवा नाही. 10 डिसेंबर 2005ला दिल्लीत सचिनने 35वं कसोटी शतक काढून गावसकरांचा 34चा विक्रम मागे टाकला, तेव्हा घराघरांत हेच चाललं होतं. सचिनची ती 125वी कसोटी होती आणि गावसकर अख्ख्या कारकिर्दीत 125च कसोट्या खेळले. आकडे इतके जुळल्यावरही माझ्या वडिलांनी मान हलवली नव्हती. हेल्मेट नव्हतं, समोर वेस्ट इंडीजचे गोलंदाज होते, एवढंच ते परत परत म्हणत राहिले. दोघंही मुंबईचे, एकाच मैदानी परंपरेतले, म्हणूनच ती तुलना घरची वाटायची. ओक्लाहोमाच्या लोकांना चेंबरलेन आणि आलो तशाच घरच्या आहेत.

यूसीएलएमध्ये तुलनेची तऱ्हा आणखी वेगळी, कारण तिथे जुनी तारका स्वतः डगआउटमध्ये, म्हणजे संघाच्या बाकापाशी, उभी असायची. लिसा फर्नांडिस 1990 ते 1993 तिथे खेळली. पिचर म्हणून 93 विजय आणि 7 पराभव. 1993 मध्ये बॅटिंगची सरासरी .510, म्हणजे दर दोन प्रयत्नांत साधारण एक यशस्वी फटका, आणि पिचिंगची सरासरी 0.25, म्हणजे चार सामने टाकले तर सरासरी एक धाव. देशातली सर्वांत चांगली हिटर आणि सर्वांत चांगली पिचर एकाच वर्षी एकच मुलगी. पुढे ती तिथेच प्रशिक्षक झाली. मग रेचल गार्सिया आली, तीही दोन्ही कामं करणारी, आणि फर्नांडिसचं नाव तिच्याबरोबर लागणारच होतं. 2019च्या वर्ल्ड सिरीजमध्ये वॉशिंग्टनविरुद्ध गार्सियाने दहा डाव टाकले, 179 चेंडू, 16 वेळा हिटर स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद. सामना 0-0. दहाव्या डावात तीच बॅट घेऊन गेली आणि तीन धावांचा होमरन मारून सामना संपवला. हे पाहिल्यावर तुलना करणारे चूक होते असं कोण म्हणेल? दिवसभर टाकून दमलेल्या हातांनीच तो होमरन मारला होता. मला विचाराल तर मी फर्नांडिसचं 1993 वर ठेवीन, कारण तो अख्ख्या मोसमाचा हिशोब आहे. पण एकाच सामन्यासाठी कुणाला मैदानात उतरवायचं असं विचारलंत तर हात गार्सियाकडे जातो.

अशा तुलनेला एक अट लागते. दोघींनी एकाच संघात बरीच वर्षं काढलेली असावीत. ती अट अलीकडे सैल होत चालली आहे. 2021 मध्ये दोन बदल जवळजवळ एकदमच आले. खेळाडूंना आपल्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे कमावण्याची मुभा मिळाली आणि कॉलेज बदलल्यावर एक वर्ष बाहेर बसण्याची सक्ती गेली. 2023 मध्ये ओक्लाहोमाला विजेतेपद मिळवून देणारी, त्या स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरलेली पिचर जॉर्डी बाल लगोलग आपल्या घरच्या नेब्रास्कात परतली. नायजारी कॅनडी 2024 मध्ये स्टॅनफर्ड सोडून टेक्सस टेकला गेली आणि तिच्या कराराचा आकडा 10 लाख डॉलरच्या वर होता. सॉफ्टबॉलमध्ये असं काही त्याआधी ऐकलेलं नव्हतं. पुढच्याच वर्षी तिने टेक्सस टेकला पहिल्यांदा अंतिम फेरीत नेलं आणि वाटेत, उपांत्य फेरीत, ओक्लाहोमाची सलग चार विजेतेपदांची मालिका संपवली. कॅनडीची तुलना कोणत्या विद्यापीठाच्या जुन्या पिचरशी करायची, स्टॅनफर्डच्या की टेक्सस टेकच्या? मुलींच्या हातात पैसा येतोय याचा मला मनापासून आनंद आहे. वर्षानुवर्षं त्यांच्या खेळावर दुसऱ्यांनीच कमावलं. पण आलोने पाच वर्षं एकच जर्सी घातली, तशी गोष्ट आता क्वचित वाट्याला येईल, हेही खरं.

मैदानही बदललं. 2024च्या मार्चमध्ये ओक्लाहोमाचं नवं लव्ह्ज फील्ड उघडलं, चार हजारांहून जास्त आसनांचं. चेंबरलेन आणि आलो यांची घरची मैदानी कारकीर्द त्याआधीच्या लहान मैदानावर गेली. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधलं सॉफ्टबॉल तर ओक्लाहोमा सिटीतच होणार आहे, जिथे वर्ल्ड सिरीज खेळली जाते त्याच स्टेडियममध्ये. रीव्हज पार्कपासून हे अंतर मोटारीने फार नाही.

लव्ह्ज फील्डच्या त्या पहिल्या मोसमात टियारे जेनिंग्ज शेवटच्या वर्षाला होती. 27, 29, 17 आणि 25. चार मोसम, 98 होमरन, चार राष्ट्रीय विजेतेपदं. चेंबरलेनचे 95 तिने तेवढ्याच चार मोसमांत मागे टाकले, जादा वर्ष न घेता. दोन वर्षं आधी तो आकडा ओलांडायला आलोला तीन आठवडे झगडावं लागलं होतं. जेनिंग्जने तो ओलांडला तेव्हा तो विक्रम उरलेला नव्हता, विक्रम 122वर जाऊन बसला होता. त्या 122पैकी 68 होमरन आलोने मारले ते जेनिंग्ज तिच्या संघात असतानाच.